नाळ कापणारीचं लुगडं

"काकी, त्या सिस्टरने तुला खरंच थोबाडीत मारली का?"

विचारून टाकलं आणि पोशीने जीभ चावली, कारण प्रश्न तिचा नव्हताच. तो तिच्या वर्गातल्या रंगूचा आणि हौशीचा होता. काल शाळा सुटल्यावर दोघींनी तिला ओढ्याजवळ अडवलं होतं. "'तक्रारीचं पत्र मीच लिहिलं' असं सगळ्या वर्गाला सांगत फिरतेस," रंगू म्हणाली होती, "पण जिला मारलं तिला विचारलंस का?" "हिंमत असेल तर विचार," हौशीने पुढचं पूर्ण केलं होतं. आता हिंमतीची गोष्ट काढल्यावर पोशी मागे हटणार होती का? आंतरशालेय निबंध स्पर्धेत पहिली आल्यापासून तर ती बैलालासुद्धा वाट सोडत नव्हती.

कविता काकी झोळीची दोरी ओढत होती. झोळीत आठ दिवसांची पोर, पुढ्यात नागलीच्या पेजेची वाटी, आणि चेहरा असा की कोणीतरी त्यातलं सगळं पाणी काढून घेतलंय.

"मारली की," काकी म्हणाली. "दोनदा. एक या गालावर, एक त्या."

पोशीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे पत्र खरं होतं. धनेश काकाने सांगितलं, तिने लिहिलं, काकाने सही केली, साक्षीदार म्हणून आईने केली. आणि त्यावरून त्या सिस्टरला आता घरी बसवलं होतं. उद्या सोमवारी अकरा वाजता फाट्यावरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात चौकशी होती. बसू दे घरी. असल्या बायांना अद्दल घडलीच पाहिजे.

"मी झोपत होते ना," काकी पुढे म्हणाली.

"म्हणजे?"

"पोर पायाळू. रखमी सुईणीने इथंच पोट चाचपून सांगितलं, हे माझ्या हातचं नाय, दवाखान्यात न्या. डोलीतून ओढ्यापर्यंत नेली, तिथून जीप. पोर कशीबशी निघाली, पण रक्त थांबेना. आणि मला अशी झोप यायला लागली पोशी, तुला काय सांगू. दुखणं नाय, काय नाय. बरं वाटत होतं. आणि ही बाय मला झोपू देईना. एक हात माझ्या पोटावर दाबून धरलेला, दुसऱ्या हाताने चापट. कविता, डोळे उघड. तुमच्याकडे शेळ्या किती? म्हटलं पाच. नावं सांग. मी दोन सांगितली आणि डोळे मिटले. परत चापट. तिसरी कोण? तिसरी कोणती ते सांग आधी, मग झोप."

"मग?"

"मग काय, सांगितली. पाचही सांगितल्या. मग म्हणाली, आता कोणती शेळी कोणाची पाठ, कोणाच्या पोटची, ते सांग." काकी हसली, पण डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टरीणबाई सुया लावत होत्या, बाटल्या लावत होत्या. पण या बायने तासभर तो हात काढला नाय गे. कोपर थरथरत होतं तिचं, मी बघत होते. रखमीचा हात मी सोडत नव्हते, तर तिला बाहेर काढली नाय. साबणाने हात धुवायला लावले, डोक्याला फडकं बांधलं आणि म्हणाली, आजी, डोक्याशी उभ्या राहा आणि हिच्याशी बोलत राहा. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर माझे केस विंचरले. मी लग्न करून आले या घरात, तेव्हापासून माझे केस कोणी विंचरलेत?"



"मग तू बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?" काकीने झोळीला झोका दिला. "तू आज विचारलंस. आठव्या दिवशी."

पोशी ताडकन उठली. तिला राग आला की आधी कान तापतात, मग पाय चालायला लागतात, आणि डोकं सगळ्यात शेवटी पोचतं. आताही पाय अंगणात पोचले तेव्हा डोकं अजून काकीच्या झोळीपाशीच होतं.

अंगणात पाचवीची तयारी चालली होती. खरी पाचवी पाचव्या दिवशीच व्हायची, पण तेव्हा काकी दवाखान्यात, म्हणून ती आज. शेणाने सारवलेल्या जागेवर पाट मांडला होता. पाटावर रखमी सुईण बसली होती, पुढे सुपात भात, नारळ आणि हिरवं लुगडं. पोशीच्या बाबाची आई, पुतळी आजी, तांब्या घेऊन तिचे पाय धुवायला वाकली होती. या घराची रीतच तशी होती. ज्या बाईने नाळ कापली तिचे पाय धुवायचे, तिला लुगडं द्यायचं, आणि तिने उंबऱ्यापाशी उभं राहून 'या बाहेर' म्हटलं की बाळंतिणीने पोर घेऊन घराबाहेर पाय ठेवायचा. त्याआधी नाही. पोशीच्या बाबाच्या वेळी, धनेश काकाच्या वेळी, पोशीच्याही वेळी हे लुगडं रखमीनेच घेतलं होतं.

पण आज रखमीने पाय आत ओढून घेतले.

"माझे नको धुऊस, पुतळे."

"का गे? पाणी थंड हाय?"

"पाणी बरं हाय. लुगडं माझं नाय." रखमीने सूप दोन बोटांनी मागे सरकवलं. "नाळ मी नाय कापली. मी डोक्याशी उभी होते. नाळ कापली जामसरच्या गोदीने. तिला बोलवा."

गोदी म्हणजे तीच सिस्टर. देवरामने, म्हणजे पोशीच्या बाबाने, सुपातला नारळ उचलून उगाच फिरवून बघितला. धनेश काका कुडाला टेकून मोबाईल बघत होता, तो सरळ झाला.

"ती बाय या अंगणात पाय ठेवणार नाय," तो म्हणाला. "तुला घ्यायचं तर घे, रखमी आजी. नायतर राहू दे."

"मग पोर पण आतच राहू दे," रखमी म्हणाली.

"काका, तू खोटं का सांगितलंस?"

हे पोशी बोलली होती. सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय खोटं?" काका म्हणाला. "मारली का नाय? विचार तुझ्या काकीला."

"विचारलं. मारली. पण ती मरायला लागली होती म्हणून मारली. ती जागी राहावी म्हणून मारली. ते तू कुठं सांगितलंस?"

"मला काय मालूम? मी दाराबाहेर. मला चापटीचा आवाज आला."

"आणि तू विचारलं नाहीस? आठ दिवसांत एकदा पण नाय? तुझी बायको इथं, तू इथं, मध्ये एक कुड."

"पोशी, आत जा," सुनिता, पोशीची आई, चुलीजवळून म्हणाली.

"त्याला आवाजाचा राग नाय आलेला," रखमी शांतपणे म्हणाली. आता पाटावरून उठायचीही तिला घाई दिसत नव्हती. "त्याला बोलण्याचा आला. मी सांगते काय झालं. हा वसईच्या कामावरून आला तेव्हा पोर होऊन गेलेली. दारातून पहिलं काय विचारलं याने? मुलगा का मुलगी. तेव्हा गोदी म्हणाली, बायको कशी हाय ते विचार आधी. तीन वेळा तपासणीला बोलावलं, एकदा तरी पाठवलीस का? अंगात रक्त नाय तिच्या. एवढंच म्हणाली. खरं का खोटं, धनेश?"

"खरं-खोटं सोड." काकाचा आवाज चढला. "माझा सासरा उभा, मेहुणा उभा, त्यांच्यासमोर बोलली. शहरातली डॉक्टरीण बोलली असती तर ऐकून घेतलं असतं, शिकलेली माणसं बोलतात. ही कोण? जामसरची. हिचा बाप आणि मी एका मुकादमाच्या हाताखाली घमेली उचललीत. पांढरे कपडे घातले म्हणून मला अक्कल शिकवणार?"

पोशीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. म्हणजे आपल्यातली पोरगी शिकली, सिस्टर झाली, आपल्या बाईचा जीव तिने हाताने दाबून धरला, आणि गुन्हा काय, तर ती आपल्यातली आहे? शहरातून आली असती तर चाललं असतं? उद्या पोशी शिकून काही झाली तर हाच काका तिच्याबद्दलही असंच बोलणार होता. हाच काका, ज्याने निबंधाचं बक्षीस मिळाल्यावर पाड्यावर पेढे वाटले होते.

"आई," ती चुलीकडे वळली. "तू तिथं होतीस."

"मी व्हरांड्यात होते."

"तुला रखमी आजीने सांगितलं नाय? तिथंच, त्याच दिवशी?"

सुनिताने फुंकणी खाली ठेवली. "सांगितलं."

"आणि तरी सही केलीस?"

"तू नव्हतीस तिथं. तुझ्या काकाचं तोंड बघितलं नाहीस. मी सही केली नसती तर म्हणाला असता, वहिनी त्या सिस्टरच्या बाजूची. गेल्या शिमग्याला माझ्याच एका शब्दावरून चूल वेगळी होता होता राहिली. विसरलीस? मी या घरात थोरली हाय बाय. थोरलीला सगळ्यांची बाजू घ्यावी लागते."

"सगळ्यांची घेतलीस. काकीची सोडून."

आईने मान खाली घातली. पोशीला वाईट वाटायला हवं होतं, पण राग इतका भरला होता की वाईट वाटायला जागाच उरली नव्हती.

देवरामने घसा खाकरला. तो असा खाकरला की घरातल्यांना कळायचं, आता मधला मार्ग येणार. "ऐका. भांडून उपयोग नाय. रखमीने लुगडं आज घ्यावं. उद्या-परवा तिने ते गुपचूप गोदीच्या घरी नेऊन द्यावं. ज्याचं त्याला पोचलं. रीत पण झाली, धनेशचा मान पण राहिला."

पुतळी आजीने लगेच मान डोलावली. इतका वेळ ती धाकट्याच्या बाजूने होती. आता तिला वाट दिसली. "हां. असं करा. देवाला काय, लुगडं पोचल्याशी मतलब."

"आणि तक्रार?" पोशीने विचारलं.

"तक्रारीचं बघू," बाबा म्हणाला. "उद्या जाऊ, फार ताणायचं नाय. समज देतील, सोडतील."

"सोडतील कशाला?" रखमी म्हणाली. "ती कंत्राटावरची. पुढच्या महिन्यात कागद नवीन व्हायचा हाय तिचा. अशा वेळेला तक्रार म्हणजे गेलीच ती. घरी म्हातारी हाय, धाकटी बहीण शिकतेय."

"म्हणजे लुगडं चोरून द्यायचं," पोशी म्हणाली, "आणि नोकरी उघड्यावर काढून घ्यायची. बाबा, तू हे खरंच बोललास?"

उत्तर आलं ते कविता काकीकडून. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, पोर छातीशी धरून, भिंतीचा आधार घेऊन. उंबऱ्यापर्यंत यायलाच तिला धाप लागली होती.

"मला नको असलं लुगडं," ती म्हणाली. "चोरून दिलेल्या लुगड्यावर मी माझी पोर बाहेर काढणार नाय. राहीन आत. महिना राहीन."

"कविता, तू बाळंतीण हायस, आत पड," काका म्हणाला.

"पडूनच होते. तेव्हा पण पडूनच होते, तिने उठवली म्हणून उठले." तिचा आवाज उंच झाला नाही. "मी तुम्हाला कधी उलट बोलले नाय. आता पण नाय बोलत. पण पोर आत राहील."

पुतळी आजीने तांब्या खाली ठेवला. एकदा धाकट्या मुलाकडे बघितलं, एकदा सुनेकडे, मग नातीच्या इवल्याशा मुठीकडे. तिच्या आयुष्यात या उंबऱ्याने पोरीला कधी अडवलं नव्हतं. "धनेश," ती म्हणाली, "कागद परत घे."

"आये, तू पण?"

"रखमी माझ्या पाचही बाळंतपणांना होती. ती कधी दुसरीचं लुगडं स्वतःचं म्हणाली नाय. आज पण नाय म्हणत. मी तिच्यासमोर काय तोंड दाखवू?"

काकाच्या मानेची शीर दिसायला लागली. आई गेली, बायको गेली, भाऊ कुंपणावर. राहिली पोशी. तो तिच्याकडे वळला, आणि पोशीला वाटलं आता शिव्या येणार. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू लई शहाणी ना," तो म्हणाला. "मी काय सांगितलं होतं? मारली, आणि मला चारचौघांत बोलली. दोन गोष्टी. ती सिस्टर रुग्णांना जनावरांपेक्षा हीन वागवते, हे मी सांगितलं? गरीब आदिवासी बायांचा जीव तिला कवडीमोल वाटतो, हे मी सांगितलं? मला ते शब्दच येत नाय. ते तुझे. आणि डॉक्टरीणबाईने फोनवर मला काय वाचून दाखवलं, मालूम हाय? तेच. म्हणाली, एका चापटीसाठी मी तिला घरी बसवली नसती, पण हे वाचून मला बसवावंच लागलं."

पोशीचे कान तापलेलेच होते. ते एकदम गार पडले.

ते वाक्य तिला पाठ होतं. सगळ्यात छान तेच जमलं होतं. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर सिस्टर नव्हतीच, परीक्षक होते. वर्गात तिने तेच वाचून दाखवलं होतं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'वा' म्हटलं होतं. ती सिस्टरला कधी भेटली नव्हती. सिस्टर उंच की बुटकी हेही तिला माहीत नव्हतं. इतका वेळ ती सगळ्यांना विचारत सुटली होती, तू का बोललास, तू का सही केलीस, तू का विचारलं नाहीस. आणि काकी घरी आल्यापासून त्याच कुडाच्या या बाजूला तीही होती, वही घेऊन.

ती आत गेली. कोणी तिला थांबवलं नाही.

ती काकीच्या शेजारी जाऊन बसली. मग दप्तरातून वही काढली.

"काकी, तू सांग. तू सांगशील तेच लिहीन."

"काय सांगू?"

"मघाशी सांगितलंस ते."

काकी सांगू लागली. पेन चालायला लागलं आणि पहिल्याच ओळीला पोशीचा हात अडखळला. 'मातेच्या मायेने' असं लिहावंसं वाटत होतं. 'देवदूतासारखी' तर जिभेवरच आलं. काकी म्हणत होती, 'तिचं कोपर थरथरत होतं पण हात काढला नाय.' पोशीने तेवढंच लिहिलं. शेळ्यांची नावं आली तेव्हा तिने विचारलं, ही पण लिहायची? काकी म्हणाली, "लिही. त्याच्यावरच मी जगले." पाचही नावं लिहिली गेली. केस विंचरल्याचं लिहिलं. शेवटी काकी म्हणाली, "लिही की मला तिला भेटायचं हाय. माझी पोर तिला दाखवायची हाय. पण मला बाहेर येता येत नाय, तिने या म्हटल्याशिवाय."

पान भरलंसुद्धा नाही. स्पर्धेत या निबंधाला कोणी दहातले दोनही दिले नसते. काकी सातवीपर्यंत शिकलेली. तिने पेन घट्ट धरून सावकाश सही केली आणि सहीवर फुंकर मारली, शाई ओली असल्यासारखी.

पोशी बाहेर आली तेव्हा ऊन उतरत होतं. काका ओढ्याकडे निघून गेला होता. रखमी आणि आजी कुडाच्या सावलीत एकमेकींकडे न बघता तंबाखू चोळत होत्या, आणि सूप अजून पाटापुढे तसंच होतं. आई-बाबा चुलीपाशी हळू आवाजात बोलत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"उद्या मी शाळेत जाणार नाय," पोशी म्हणाली. "अकरा वाजता दवाखान्यात जाणार. काकीचं पत्र डॉक्टरीणबाईंना देणार."

"ते तुझ्या काकाच्या हाती दे," बाबा म्हणाला. "तो शांत झाला की—"

"काकाचं काकाने सांगावं. मी त्याचं नाव पण घेणार नाय. मी माझं सांगणार. ते जनावरांचं वाक्य मी लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी काही बघितलं नव्हतं, मला ते छान वाटलं म्हणून लिहिलं. हे मी सिस्टर समोर बसलेल्या असताना सांगणार."

"तुला माहीत हाय का, काय बोलतेस?" आईने विचारलं. "उद्या सगळीकडे होईल, देवरामच्या पोरीने खोटी तक्रार लिहिली. शाळेत कळेल. बक्षीस दिलं त्या बाईंना कळेल."

"कळेल."

"ते तुला काही पण बोलतील बाय."

"बोलू दे. मी पण बोललेच ना तिला, न बघता." पोशी बाबाकडे वळली. "बाबा, तू मला अडवलंस तर मी चालत जाईन. आई, तू सही केलीस, ती तुझी हाय, ती मी पुसू शकत नाय. तुला ती परत घ्यायची असेल तर सातच्या जीपला ये. पण तुझ्यासाठी जागा धरणार नाय मी. जागा मी रखमी आजीसाठी धरणार आहे."